टोपीच्या कोटाची नाडी

टीव्हीवर शिवण शिकवायला लागण्याआधी बाई फॅशन डिझायनर होत्या, आणि तेव्हा त्यांना फार थोडी माणसं ओळखत. जी ओळखत ती मोठ्या गाडीतून उतरायची, दुकानात शिरताना काळा चष्मा कपाळावर चढवायची आणि आरशासमोर पोट आत ओढून उभी राहायची. त्यांच्यासाठी बाई लांब झगे, पाठीत खोल गळ्याचे पोशाख, मेजवान्यांचे कोट बेतायच्या. काम चोख होतं, नावही झालं होतं. पण त्यांची एक तक्रार कायम असायची. "अस्तराला एवढं मरमर मरते मी," त्या लेकीला म्हणायच्या, "आणि ही बया एकदा उलटून बघत नाही!"

एका फॅशन शोच्या वेळी पडद्यामागे त्या एका मॉडेलला झापत होत्या. पोरीनं घाईघाईत झग्याचा काठ टाचेखाली उसवला होता. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या, काठ शिवता शिवता तो कसा दुमडायचा, टाका उजवीकडून का घ्यायचा, हे तिला सांगत राहिल्या, आणि ती पोरगी रडायची थांबून ऐकायला लागली. एका वाहिनीचा निर्माता तिथे चहा घेत उभा होता. तो म्हणाला, "हे असंच कॅमेऱ्यासमोर बोलाल?"

कार्यक्रम दुपारचा होता. सुरुवातीला वाहिनीतल्या लोकांनाही तो केवळ रिकामी जागा भरायला ठेवलाय असं वाटत होतं. पण बाई कॅमेऱ्याशी शेजारणीशी बोलावं तसं बोलायच्या. "कापड काय चावतंय का तुम्हाला? मग लांबून काय बघता? धरा की!" असं म्हणून त्या कात्री चालवायच्या, आणि घरोघरी बायका मशीन ओढून टीव्हीपुढे आणायच्या. कुणीतरी त्यांना 'शिवणताई' म्हटलं आणि तेच नाव पडलं. एका गृहस्थांनी बाजारात त्यांना थांबवून हात जोडले होते. "ताई, दुपारी आमच्याकडे हल्ली जेवण मिळत नाही. बाही मिळते. परवा कॉलर मिळाली." बाई ते लेकीला सांगताना हसून हसून बेजार झाल्या होत्या.

त्यांच्या आयुष्यातले हे सगळ्यात सुखाचे दिवस. झगे घालणाऱ्या बायकांना त्यांनी हळूहळू दुसऱ्यांकडे पाठवलं. वरच्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीत आता छोटे फ्रॉक, उशांचे अभ्रे आणि पायजमे लटकत असायचे.

थंडीच्या तोंडावर मुलांच्या कोटाचा भाग ठरला. टोपी जोडलेला कोट, जुन्या घोंगडीतूनही निघेल असा. बाईंनी हनुवटीखाली एक छोटी पट्टी आणि बटण ठेवलं होतं. निर्मात्यानं नमुना हातात घेऊन नाक मुरडलं.

"बटण काय, कुणीही लावतं. मुलांचं आहे ना? काहीतरी हलतं-डुलतं पाहिजे. पडद्यावर दिसलं पाहिजे."

बाईंनी विचार केला. टोपीच्या कडेला नेफा काढला, त्यातून नाडी ओवली. नाडी ओढली की टोपी फुलासारखी गोळा व्हायची. निर्माता खूश झाला, आणि खरं सांगायचं तर बाईही खूश झाल्या. कॅमेऱ्यासमोर त्यांनी नाडी ओढून दाखवली, सोडून दाखवली.

"टोकांना लाकडी मणी ओवा," त्या म्हणाल्या. "मणी मोठाच घ्या हं. बारीक घेतलात तर नाडी नेफ्यात पळून जाते, मग बसा सेफ्टी पिनेनं तिला शोधत! आणि आता नीट बघा. मागे, मानेच्या बरोबर मधे, नाडीवर चार घट्ट टाके मारा. पोरं एका बाजूनं ओढतात ना? ओढू देत. निघणार नाही."

त्या हिवाळ्यात तो कोट सगळीकडे दिसत होता. तांबडा, निळा, बाबांच्या जुन्या पँटचा, आजीच्या शालीचा. शाळा सुटली की फाटकातून मणीच मणी बाहेर पडायचे. बाई कधीकधी मुद्दाम शाळेवरून घरी जायच्या.

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी चित्रीकरण होतं. वाहिनीच्या दारातल्या बाकावर एक तरुण बाई मांडीवर लाँड्रीची पिशवी घेऊन बसली होती. तिच्या मनगटावर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग होते. शिवणताई आत येताच ती उठून उभी राहिली.

"ताई, मी तुमचा एकही भाग चुकवत नाही. एवढं एक बघून द्याल?"

असं कुणी ना कुणी नेहमीच यायचं. बाई हसल्या, तिच्या शेजारी बसल्या. तिनं पिशवीतून निळा कोट काढला आणि बाईंच्या हातात दिला.

"नाडीकडे बघू नका. ती दवाखान्यात कापली. बाकीचं बघा."

"दवाखान्यात?"

"माझी मुलगी घसरगुंडीवर गेली होती," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, घोकून ठेवल्यासारखा. "मी खालीच होते, तिची चप्पल उचलत होते. वर कठड्यापाशी लोखंडाला फट आहे. मणी त्या फटीत गेला. ती खाली आली. म्हणजे... पूर्ण आली नाही."

बाईंनी कोट मांडीवर ठेवला.

"नवरा म्हणतो, शिवता येत नाही तर हौस कशाला करायची? विकतचा आणायचा होता. त्याचंही बरोबर आहे. मी कधी शिकले नव्हते, तुमचं बघूनच केलं. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं." तिनं कोटाची टोपी उलटी केली. "माझं काय चुकलं, ताई?"

बाईंनी कोट उलटा केला, कारण हाताला तीच सवय होती. टीप सरळ होती. बाहीला कुठे चुणी नव्हती. नवशिक्या बायका आत धागे लोंबते ठेवतात. हिनं एकेक धागा कापला होता. मग त्यांचा अंगठा मानेच्या मागे गेला. तिथे चार टाके होते, घट्ट. नखानं ओढून पाहिलं, हलले नाहीत. ही बाई जरा वेंधळी असती, टाके सैल पडले असते, मणी बारीक घेतला असता, तर नाडी सुर्रकन निघून आली असती आणि पोरगी खाली वाळूत जाऊन पडली असती.

"तुमचं काहीच चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "शिवण उत्तम आहे."

"उत्तम?"

"हो."

पुढचं वाक्य अजून बाकी होतं. ते ओठांवर येईतो आतून हाक आली, दिवे लागलेत, चला. त्या तरुण बाईनं कोटाची घडी घातली, बाह्या आत दुमडून, दुकानात घालतात तशी, आणि पिशवीत ठेवला. "बरं," ती म्हणाली, आणि निघून गेली.

बाईंनी त्या दिवशी उशीचा अभ्रा शिकवला. हसत शिकवला. नंतर तो भाग पाहणाऱ्या कुणालाही त्यात काही वेगळं दिसलं नसतं.

तिथून त्या थेट लेकीकडे गेल्या. नात जमिनीवर ठोकळे रचत बसली होती. तिचा तांबडा कोट दारामागच्या खुंटीला होता. बाईंनी चप्पलसुद्धा काढली नाही. कोट ओढला, पर्समधली कात्री काढली आणि नाडी कापली. मग टोपी उलटून ते चार टाके उसवायला लागल्या. उसवता उसवता कात्रीचं टोक बोटात घुसलं.

"आई! नवा कोट आहे तो, काय करतेस?"

बाईंनी सांगितलं. लेक ऐकताना खाली बसली आणि तिनं आपल्या मुलीला मांडीवर ओढून घेतलं. ती म्हणाली, "आई, हा अपघात आहे गं. तू काय मुद्दाम केलंस?"

"अपघात असेल. पण तो मी किती घरांत खुंटीला टांगून ठेवलाय, ते मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या निर्मात्यासमोर बसल्या. त्यांना फार काही नको होतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला फक्त एवढंच सांगायचं होतं की कोटाची नाडी आजच्या आज काढून टाका, मी चुकीचं शिकवलं. निर्मात्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही मुलं होती.

"ताई, तुम्ही चूक म्हणालात की ती चूक होते. तोवर तो अपघात असतो. आमचे वकील काय म्हणतील?"

"वकिलांच्या मुलांनाही कोट असतील."

"घसरगुंडीला फट कुणी ठेवली? त्यांना विचारा ना. सगळं स्वतःच्या डोक्यावर का घेता?"

"ते बोलले नाहीत म्हणून मी पण बोलायचं नाही?"

"बघतो," तो म्हणाला. त्याचं 'बघतो' बाईंना चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या चित्रीकरणात पायजमा होता. नेफा आला, नाडी आली, आणि बाई सुई खाली ठेवून कॅमेऱ्याकडे बघून बोलल्या. सगळं बोलल्या. दिव्यांमागच्या माणसांपैकी कुणी अडवलं नाही. बाईंना वाटलं, झालं. दोन दिवसांनी त्यांनी तो भाग घरी लावला. पडद्यावर त्यांनी सुई हातात घेतली, आणि पुढच्याच क्षणी पायजमा तयार होता.

त्यांनी जाऊन सांगितलं, हे दाखवल्याशिवाय मी उभी राहणार नाही. वाहिनीनं अतिशय गोड आवाजात सांगितलं की आपण थकलेल्या दिसता, विश्रांती घ्या. तोपर्यंत आम्ही जुने भाग दाखवू. विश्रांती संपली असं मात्र कुणी कधी कळवलं नाही.

एका वर्तमानपत्राचा वार्ताहर घरी येऊन तासभर बसला, मान डोलवत राहिला. छापून आलं ते 'शिवणताई आणि वाहिनीत बिनसलं', आणि खाली बाईंनी कधीकाळी एका नटीला शिवलेल्या झग्याचा फोटो. घसरगुंडीवर गेलेल्या मुलीबद्दल एक ओळ नव्हती. वकिलांचा फोन वर्तमानपत्रालाही गेला असावा.

बाई नाड्या-मण्यांच्या दुकानात गेल्या, मोठे मणी विकू नका म्हणाल्या. दुकानदार मोकळेपणानं हसला. "ताई, तुमच्यामुळेच तर पोत्यानं आणले! आता तुम्हीच नको म्हणता?"

मग उन्हाळा आला आणि कोट गायब झाले. ट्रंकांत, माळ्यावर, पलंगाखाली गेले. बाईंना सगळ्यात जास्त त्रास त्या महिन्यांनी दिला. डोळ्यांसमोर असताना निदान बोट दाखवता येत होतं. आता लाख घरांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ते घडी होऊन पडले होते, आणि पहिली थंडी पडली की एकेक आई ते झटकून बाहेर काढणार होती, मुलाच्या डोक्यावरून घालणार होती, नाडी ओढून मुका घेणार होती. बाईंचं जेवण तुटलं. कामाच्या खोलीत त्या टेबलापाशी बसायच्या आणि काही करायच्या नाहीत. लेक डबा घेऊन यायची, उघडून पुढ्यात ठेवायची, आणि गार झालेला परत झाकायची.

थंडी आली तशा बाई रोज संध्याकाळी बागेत जायला लागल्या. आधी नीट विचारायच्या. "ताई, ही नाडी काढू का? मी बटण लावून देते, इथल्या इथे." काही जणी ऐकायच्या. काही जणींना त्यांच्याबरोबर फोटो हवा असायचा. फोटो झाला की मुलाला घेऊन हसत निघून जायच्या, नाडीसकट. एकीनं सांगितलं, "अहो, तुम्हीच शिकवलेलं आहे हे," जणू बाईंना विसर पडलाय.

एका संध्याकाळी घसरगुंडीच्या शिडीवर एक मुलगी चढत होती. हिरवा कोट, मणी दोन्हीकडे लोंबत, शिडीच्या पायऱ्यांवर टकटक आपटत. आई लांब, फोनवर. बाईंनी हाक मारली, कुणी बघितलं नाही. मुलगी वरच्या कठड्याशी पोचली. बाई धावल्या, शिडी चढल्या, मुलीचा खांदा धरला आणि कात्री काढून नाडी कापली. मुलीनं जी किंकाळी फोडली ती रस्त्यापर्यंत गेली. तिच्या आईनं वळून पाहिलं तर एक म्हातारी बाई लेकराच्या गळ्याशी कात्री घेऊन उभी.

लोक जमले. कुणीतरी बाईंचा दंड पिरगाळला. रखवालदार आला. त्या सांगत होत्या, "मणी बघा हो, फट बघा," पण त्या गलक्यात फट कोण बघतंय! पोलीस चौकीत अंमलदारानं त्यांना निरखून पाहिलं. "तुम्ही त्या टीव्हीवरच्या ना? आमच्या घरी तुमचंच चालू असतं." त्यानं चहा मागवला, समज दिली आणि लेकीला बोलावून घेतलं.

लेक त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. बसथांब्यावर आल्यावर तिला रडू फुटलं. "लोक हसतायत आई. माझ्या ऑफिसात हसतायत. कात्री घेऊन पोरांच्या मागे फिरतेस तू!"

"तू कात्री घेऊ नकोस म्हणत असशील तर नाही घेत."

"मग काय करशील?"

बस आली आणि गेली, दोघी बसूनच राहिल्या.

त्याच आठवड्यात वाहिनीवर जाहिरात सुरू झाली. प्रेक्षकांच्या खास मागणीवरून, शिवणताईंचा गाजलेला भाग पुन्हा एकदा: मुलांसाठी टोपीचा कोट! पडद्यावर बाई हसत होत्या आणि नाडी ओढत होत्या. खऱ्या बाईंनी टीव्हीच्या काचेवर दोन्ही तळवे टेकवले. आपल्याच तोंडावर. मग फोन केले. निर्माता बैठकीत होता, नंतर प्रवासात होता, नंतर कुणी फोनच उचलला नाही. त्या वाहिनीच्या दाराशी गेल्या. पूर्वी उठून सलाम करणारा दारवान उठला, पण वाट अडवून उभा राहिला. "आत सोडायचं नाही असं सांगितलंय, ताई," तो खाली मान घालून म्हणाला.

त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. जायला कुठे जागाच उरली नव्हती. तेव्हा त्यांनी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं आणि जे त्यांना सगळ्यात अवघड होतं. पिशवीवर लाँड्रीचं नाव होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. विचारत विचारत त्या तिथे गेल्या.

अरुंद दुकान, आत वाफच वाफ. ती तरुण बाई शर्टाची बाही इस्त्री करत होती. तिनं वर पाहिलं आणि ओळखलं. इस्त्री थांबवली नाही.

"त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं," बाई काउंटरपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "चूक तुमची नव्हती. माझी होती. नाडी द्यायलाच नको होती. मणी, ते टाके, सगळं मी चुकीचं शिकवलं."

तिनं इस्त्री उभी केली.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

"धीर!" ती म्हणाली. "मी आले होते तेव्हा मला वाटलं, तुम्ही सांगाल, हा टाका चुकला, ही टीप वाकडी गेली. मी मानलं असतं. कान धरला असता. तुम्ही म्हणालात, उत्तम. चूक कुठेय तेच कळेना! वर्ष होत आलं, मी तो कोट काढते, बघते, ठेवते. नवरा घरात असतो, माझ्याशी शब्द बोलत नाही. आणि तुम्हाला धीर झाला नाही?"

बाईंनी माफी मागायला तोंड उघडलं, पण तो शब्द इथे फार लहान होता.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

"जाते. पण एक सांगते. परवा दुपारी तो भाग परत दाखवतायत. मी सगळीकडे गेले. कुणी ऐकत नाही."

"परत?" तिनं काउंटरची कड धरली. "तुम्ही परत सांगणार, मणी मोठा घ्या?"

"हो."

ती वळली आणि मागचा पडदा सरकवला. दांडीवर धुवून वाळलेले कपडे टांगले होते. शर्ट, शाळेचे गणवेश, आणि त्यांच्यामध्ये छोटे छोटे कोट. प्रत्येकाच्या टोपीला मणी.

"धुवायला येतात," ती म्हणाली. "मी धुते, इस्त्री करते, परत देते. प्रत्येक वेळी मण्यांना हात लागतो, तरी परत देते. मला वाटायचं यांच्या आयांना शिवता येतं. मला नाही आलं, म्हणून माझीच गेली." तिचा आवाज फाटला. "मी हातानं परत दिलेत हो सगळे!"

बाई काउंटरला वळसा घालून आत गेल्या. तिनं अडवलं नाही. बाईंनी पहिला कोट खाली काढला आणि पर्समधून सुई-दोरा काढला. कात्री लेकीनं ठेवून घेतली होती. तरुण बाईनं खणातून आपली कात्री काढली, पाती स्वतःच्या हातात धरून मूठ त्यांच्याकडे केली.

त्या दिवसापासून बाई रोज तिथे जायच्या. मागच्या बाजूला, वाफेत, एका स्टुलावर बसून नाड्या काढायच्या, नेफा बंद करायच्या आणि हनुवटीखाली पट्टी-बटण लावायच्या. दोघींत मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. कामापुरतं बोलणं व्हायचं. कोटाचा भाग पुन्हा दाखवला त्या दुपारी कोपऱ्यातला टीव्ही तरुण बाईनंच लावला. दोघींनी तो भाग उभ्यानं, पूर्ण बघितला. त्यानंतर नवे कोट यायला लागले, ताज्या कापडाचे, चकचकीत मण्यांचे.

गिऱ्हाइकं भांडायची. एक बाई आपल्या मुलीचा कोट उलटसुलट करून ओरडली, "माझी नाडी कुठाय? परवा तर तुम्हीच टीव्हीवर सांगत होतात!"

"हो, मीच सांगत होते," बाई आतून बाहेर येत म्हणाल्या.

"मग खरं काय धरायचं आम्ही?"

"आज सांगतेय ते."

"असं कसं? उद्या आणखी तिसरं सांगाल!"

उत्तर इस्त्रीमागून आलं. त्या तरुण आईनं, मान वर न करता, आपली मुलगी कशी गेली ते पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाला सांगितलं. ओरडणाऱ्या बाईनं कोटाची घडी घातली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती शेजारणींचे कोट पिशवीत भरून घेऊन आली.

सगळ्याच अशा नव्हत्या. मग दुसऱ्या एका शहरात असाच कोट घातलेला एक मुलगा झुल्याच्या साखळीत अडकला. वाचला, पण गळ्याभोवती वळ राहिला. ती बातमी कुणाला दाबता आली नाही. तेव्हा कुठे वाहिनीनं बातम्यांच्या खाली धावत्या अक्षरांत एक ओळ सोडली: मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी असल्यास पालकांनी काळजी घ्यावी. कुणी शिकवलं, कधी शिकवलं, काही नाही. काही दिवस ती ओळ धावली आणि नंतर दिसेनाशी झाली. बाईंना पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही. लेक मात्र आता ऑफिस सुटल्यावर कधीकधी लाँड्रीत यायची आणि बटणं लावायला बसायची. तिचे टाके वाकडे जायचे. बाई ते गुपचूप उसवून पुन्हा घालायच्या.

थंडी ऐन भरात असताना एका संध्याकाळी तरुण बाईनं दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाली, "आज घरी चला माझ्याबरोबर. त्याच्यासमोर सांगा."

बाई तिच्या मागोमाग जिना चढल्या. दोन खोल्या, मोरीपाशी बादल्या, भिंतीवर एका छोट्या मुलीचा फोटो. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आलेला, हाताचं तेल चिंधीला पुसत जमिनीवर बसला होता. बायकोकडे त्यानं बघितलं नाही. पाहुणी बघून उठायला लागला.

"बसा," बाई म्हणाल्या. "मीच ती टीव्हीवरची. कोट माझा होता."

त्यांनी सगळं सांगितलं. निर्माता, वकील, घसरगुंडीची फट, यातलं काही सांगितलं नाही. स्वतः काय शिकवलं, आणि त्या दिवशी बाकावर काय बोलायला हवं होतं नि बोलल्या नाहीत, एवढंच. तो ऐकताना चिंधी बोटांभोवती गुंडाळत होता. बाईंना वाटलं, हा आता अंगावर येईल. आला असता तर त्या हलल्या नसत्या.

"म्हणजे शिवण नीट होती?" त्यानं विचारलं.

"नीट होती."

"हिचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही. काहीच नाही."

तो भिंतीकडे बघत बसला. खाली रस्त्यावर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक मारल्याचा आवाज येत होता. मग त्यानं हात लांब करून कोपऱ्यातला पाट ओढला, आपल्या शेजारी ठेवला, आणि दाराला टेकून उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"बस ना," तो म्हणाला. "उभी का आहेस?"

ती लगेच बसली नाही.